पूर्व गटातले तीन शुक्रवार

बेसबॉल हा खेळ विश्वनाथला वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी कळला, तोही अल-खोबरपासून तासाभराच्या वाटेवर, एका प्लांटच्या बांधकामावर. तो पाइप फोरमन होता, गाव दापोलीकडचं. कंपनीचे चार कॅम्प होते आणि त्यांतले फिलिपिनो कामगार दर शुक्रवारी दुपारी असरच्या नमाजानंतर वाळूच्या मैदानावर हा खेळ खेळत. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा विश्वनाथ शेजाऱ्याला म्हणाला, "हा तर चक्क फेकतोय. आपल्याकडे याला नोबॉल दिला असता." पण महिन्याभरात त्याला बेस, स्ट्राइक, आऊट सगळं कळू लागलं, आणि वर्षभरात तो कॅम्प चारचा असा चाहता झाला की मॅच हरली तर त्या रात्री त्याला जेवण गोड लागेना.

हरायचेही ते नेहमीच. पूर्व गटात दोनच संघ होते, कॅम्प दोन आणि कॅम्प चार. दोघांत तीन मॅच व्हायच्या, तीन शुक्रवारी तीन, आणि जो सरस तो अंतिम सामन्यात जायचा. २००६ पर्यंत कॅम्प चार तिथवर कधी पोचलाच नव्हता.

कॅम्प दोनमध्ये हाशम राहत होता. हाशम विश्वनाथच्या शेजारच्या गावचा, कसलेला वेल्डर. दोघं एकाच वर्षी इथे आले, सहा वर्षं एका खोलीत राहिले, एका तव्यावरची भाकरी खाल्ली. आणि आता चौदा महिने झाले, दोघांत शब्द नव्हता.

झालं होतं ते असं. एका सकाळी दहा वाजता साइट ऑफिसात हाशमच्या भावाचा फोन आला. त्यांची आई गेली होती. फोन विश्वनाथने घेतला. हाशम तेव्हा नव्वद फुटांवर, टॉवरच्या पाळण्यात उभा राहून वेल्डिंग करत होता. वर ही बातमी सांगितली आणि त्याचा पाय सटकला तर? साहेबाला सांगून त्याला खाली बोलवावं, तर कारण विचारल्याशिवाय तो उतरायचा नाही. विश्वनाथने ठरवलं, काम संपू दे. दुपारी चारला हाशम खाली आला तेव्हा त्याने सांगितलं. तोवर गावी दफन होऊन गेलं होतं.

हाशम ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "मयत घरात होती तोवर भावाला फोन लावता आला असता मला. त्याने फोन तिच्या कानाशी धरला असता. हे तू ठरवलंस, मी नाही." आठवड्याभरात त्याने कॅम्प दोनला बदली मागून घेतली. विश्वनाथने तीन चिठ्ठ्या पाठवल्या, तिन्ही परत आल्या.

२००६ साली मात्र कॅम्प चारला रोमेल नावाचा नवा पिचर, चेंडू टाकणारा, मिळाला. पहिली मॅच त्यांनी जिंकली, दुसरीही जिंकली. अंतिम सामना नक्की झाला, तरी रोमेलला चैन पडेना. तो मोडक्या हिंदीत म्हणाला, "तीनों जीतेगा तो स्वीप, सब साफ. अमेरिका में पब्लिक झाडू लेकर आता है." मग काय, विश्वनाथने रस्त्याकडेला छाटून टाकलेल्या खजुराच्या झावळ्या गोळा केल्या, त्यांची ताठ पाती ओढून काढली आणि तारेने आवळून बावीस खराटे बांधले. माडाच्या हिरांचे खराटे बांधायची सवय त्याला लहानपणापासून होती. मन मात्र कचरत होतं. समोरच्या बाजूला हाशम बसणार, आणि आपण त्याच्यापुढे खराटा नाचवणार?

तिसरी मॅच शेवटच्या डावापर्यंत अटीतटीची झाली. कॅम्प चारच्या पाच धावा, कॅम्प दोनच्या चार. दोन आऊट झालेले, तिसरा झाला की मॅच संपली, आणि कॅम्प दोनचा एक गडी तिसऱ्या बेसवर. रोमेलने टाकलेला चेंडू बॅटच्या पोटात बसला आणि उंच उडाला. त्याच्या खाली होता इस्मत, अवजड सामान चढवणारा मालेगावचा रिगर, जन्मभर क्रिकेट खेळलेला. एका हातात ग्लोव्ह आहे हे तो विसरलाच. दोन्ही हातांची ओंजळ करून तो मागे मागे गेला, आणि चेंडू ग्लोव्हवर आदळून उजव्या तळव्यात थांबला.

मग मैदानावर जो गोंधळ माजला! बावीस खराटे उंच गेले, इस्मतला खांद्यावर घेतलं, जेवणाचं ताट ढोलासारखं बडवलं गेलं. सगळे नाचत, वाळू झाडत कॅम्प दोनच्या बाजूला निघाले. विश्वनाथही त्यांच्यात होता, इतका खुशीत की आपण कुठे चाललो याचं भान त्याला राहिलं नाही. भानावर आला तेव्हा समोर दहा पावलांवर हाशम एका उलट्या बादलीवर बसला होता.

विश्वनाथने खराटा शेजारच्याच्या हातात दिला. परत फिरावं असं वाटलं, पण तो पुढे गेला.

"हाशम," तो म्हणाला, "तेव्हा मी चुकलो. मला तू पडशील ही भीती होती, ती अजूनही खोटी वाटत नाही. पण तुला खाली आणायला हवं होतं. खोटं कारण सांगून आणायला हवं होतं. ते मला सुचलं नाही."

मागे ताट वाजतच होतं.

"जानेवारीत गावी गेलो होतो," हाशम म्हणाला. "भाऊ म्हणाला, ती पहाटेच गेली होती, तिला काय ऐकू येणार होतं. फोन धरला असता तरी... तरी मी बोललो असतो, विशू."

"हो. बोलला असतास."

"तुझ्या घरी गेलो होतो मी. वहिनींनी चहा दिला. तुला कळवू नका म्हटलं त्यांना."

विश्वनाथने आणखी दोन पावलं टाकली. तो तिथेच वाळूत बसला. हाशम म्हणाला, "तो शेवटचा कॅच काही खरा नव्हता. चेंडू जमिनीला लागला होता."

"कुठे लागला? तळव्यात होता. मी पाहिला."

"तू कुठून पाहणार? तू पलीकडे होतास."

यावर दोघांची अशी जुंपली की अंपायरला बोलवावं लागलं, आणि त्याने आऊटच सांगितलं तरी हाशमने मानलं नाही. एवढ्यात कॅम्प चारची बस चालवणाऱ्या अलीने हॉर्न वाजवून "यल्ला, यल्ला" म्हणत घाई सुरू केली. कॅम्प दोनची बस पलीकडे उभी होती. हाशमने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि कपड्यांवरची वाळू झटकली.

"तुमची बस आमच्या गेटावरूनच जाते ना?" त्याने विचारलं.

"गेटावरूनच."

खिडकीजवळची जागा हाशमला मिळाली. बस सुटली तेव्हा पश्चिमेला ऊन अजून होतं. हाशम पुढच्या सीटवरल्या रोमेलला विचारत होता की अंतिम सामन्यात पश्चिम गटाचा तो डावखुरा पिचर आला तर त्याच्यासमोर कोणाला उभं करणार.