उरलेल्या दोन बाटल्या

माणिकप्पाची बायको मल्लम्मा जाऊन तीन महिने झाले होते, पण ती कशानं गेली हे त्याला कळलं ते त्या मंगळवारी. उमरग्यात हायवेला त्याचं पंक्चरचं दुकान. दुकानापुढं जीप थांबली आणि औषध खात्याच्या वृषालीबाई उतरल्या. ती जिथनं औषध घ्यायची त्या बसवेशच्या मेडिकलवर छापा पडला होता. इन्सुलिनच्या नव्या बाटलीतलं निम्मं औषध तो सुईनं काढून घ्यायचा, तेवढं पाणी भरायचा आणि वरचं टोपण पुन्हा चिकटवायचा. त्याच्या बिलांत मल्लम्माचं नाव निघालं होतं.

बाईंनी जप्त केलेली एक बाटली भिंगाखाली धरली. बुचाच्या रबराला सुईचं भोक होतं. माणिकप्पाला भिंग लागलं नाही. चाळीस वर्षं तो असलीच भोकं हुडकत आला होता. घरातल्या बाटल्या मात्र त्यानं कधी निरखल्या नव्हत्या. बायकोची साखर उतरेना तेव्हा त्यानं तिच्यावरच संशय घेतला, गुळाचा डबा दुकानात आणून ठेवला.

"म्या खात न्हाय हो," ती म्हणायची.

"मग साखर काय वाऱ्यानं चढती व्हय?"

पुढं तिनं सांगणंच सोडलं.

या भेसळीनं माणूस दगावला असं कोर्टात ठरलं तर कमीत कमी दहा वर्षं, जन्मठेपसुद्धा होते, असं बाईंनी समजावलं. त्यासाठी मल्लम्माची न फोडलेली एखादी बाटली हवी होती.

माणिकप्पानं हातातली ट्यूब खाली ठेवली. "दोन उरल्या हुत्या. तिचं दिवस झाल्यावर म्या त्या बसवेशलाच नेऊन दिल्या. कुणा गरिबाला फुकट दे म्हणलं."

छाप्यात त्या सापडल्या नव्हत्या. बाईंनी पेनाला टोपण लावलं.

बसवेशला कोर्टात आणलं तेव्हा माणिकप्पा पायरीवर उभा होता. हा आता अंगावर जाणार असं वाटून पोलीस पुढं सरकला. पण त्यानं एवढंच विचारलं, "त्या दोन बाटल्या कुणाला दिल्यास?"

बसवेशनं मान वर केली नाही. "एक म्हातारी हुती, मामा. नाव ध्यानात न्हाय. तुमी दिल्यात म्हणून सांगितलं. तिनं तुमच्या नावानं हात जोडले."

खटला भेसळीचा चालू आहे. मल्लम्माचं मरण त्यात नाही. दर सोमवारी दुकान बंद ठेवून माणिकप्पा सरकारी दवाखान्याच्या दारात उभा राहतो आणि साखरेच्या आजाराच्या औषधाला आलेल्या प्रत्येक म्हातारीला विचारतो, बसवेशनं फुकट दिलेल्या बाटल्या तुलाच मिळाल्या का म्हणून. ती अजून सापडलेली नाही.