कॉलरचं बटण

“आई, जरा वर बघ ना. व्हिडिओत तोंड दिसत नाहीये.”

“माझ्या तोंडाकडे काय बघायचंय? हात घे,” म्हणत बटणवालीने सुईत दोरा ओवला.

सगळा कारखाना तिला बटणवालीच म्हणायचा. परदेशी जाणाऱ्या शर्टांची बाकीची बटणं यंत्र लावायचं, कॉलरचं मात्र तिच्या हातचं. यंत्राचा टाका सरळ, तिचा फुलीचा. “यंत्रासारखं घाला की!” मुकादम ओरडायचा. ती मान डोलवायची आणि पुन्हा फुलीच घालायची. आईने हाताला लावलेलं वळण सुटत नव्हतं.

कारखान्याला आग लागली तेव्हा दारांना बाहेरून कुलपं होती. बायका खिडक्यांतून उड्या टाकून वाचल्या; काहींचे पाय मोडले. ‘कुलपं काढा’ म्हणत तिथेच कामाला असलेली तिची नणंद फाटकापुढे बसली. तिच्यामागे साऱ्या बसल्या. पोलिसांनी नणंदेला कामाच्या शर्टाच्या कॉलरला धरून नेलं. टीव्हीवर अवाक्षर नाही. म्हणून मुलीने फोन धरला होता.

बटणवाली लहान मुलांना समजवावं तशी सावकाश बोलली. “बाळांनो, तुमच्या शर्टाचं कॉलरचं बटण बघा. टाका फुलीचा असेल, तर तो माझा. तो घालताना आम्ही कुलपाआड होतो. हे बोलली म्हणून माझी नणंद तुरुंगात आहे.”

मुलीने खाली परदेशी भाषेत मजकूर घातला आणि व्हिडिओ इंटरनेटवर टाकला.

सुरुवातीला एकानेच लिहिलं, ‘बाई खोटारडी आहे.’ मग दूरच्या कुणीतरी आपल्या कॉलरचा फोटो टाकला. फुली! मग कॉलरच कॉलर. पोस्टमनची, मास्तरांची.

“आई, हा बघ नवरदेव!”

“अगं बाई, इस्त्री तरी करायची!”

तिकडचे लोक आपापल्या खासदारांना जाब विचारू लागले. एके दिवशी तिथल्या संसदेत एका जाड्या खासदाराने टाय सैल केला आणि कॉलर उलटून दाखवली. “तुरुंगातली ती नणंद सुटेपर्यंत त्या देशाशी व्यापारी करारावर सही नको!” सभागृह उठून उभं राहिलं. तेव्हा कुठे इथल्या सरकारला जाग आली. नणंद सुटली. कुलपंही निघाली.

तुरुंगाच्या दारात बायकांनी तिला उचलूनच घेतलं. ती वाळली होती, आवाज तेवढाच खणखणीत. “वहिनी, अख्ख्या जगाला बटणं तपासायला लावलीस म्हणे!”

“तुम्ही बसलात, वन्सं, म्हणून सांगायला काही होतं. नाहीतर नुसत्या टाक्याला कोण विचारतंय?”

कारखाना सुरू झाला. दारं सताड उघडी. टेबलांवरचे कागद वाऱ्याने उडत होते. मुकादमाने शर्टांचा गठ्ठा पुढ्यात ठेवला आणि हळूच म्हणाला, “ते… फुलीचेच घाला. तिकडून तशीच मागणी आलीय.”

बटणवालीने गठ्ठा बाजूला सारला. नणंदेच्या कामाच्या शर्टाचं कॉलरचं बटण पोलिसांच्या झटापटीत तुटलं होतं.

“आधी इकडे या, वन्सं. मान वर करा.”

नणंदेने मान वर केली. बटणवालीने फुली घातली, गाठ मारली आणि दोरा दाताने तोडला.