अठ्ठेचाळीस मीटर

दोरोबाने दोराचं टोक टेबलावर आपटलं आणि वरचा दिवा खाली ओढला.

"तुटला म्हणालास ना? मग हे बघ. इकडे बघ म्हणतोय!"

मोहिमेचा लीडर दारातच उभा होता. दोन्ही हात छातीशी धरलेले, बँडेजची दोन बोचकी. आत सहा बोटं काळी पडली होती. डॉक्टर त्यातली चार काढणार होते.

"तुटलेल्या दोराचं टोक कसं असतं, माहितेय? वापरून झिजलेल्या झाडूसारखं. एक धागा लांब, एक आखूड. आणि हे? दाढीच्या ब्रशासारखं सपाट. हा दोर कापलाय."

लीडरने नजर बँडेजवर वळवली. दोरोबाला त्याचं ते गप्प राहणं एकोणीस दिवस टोचत होतं.

एकोणीस दिवसांपूर्वी, सात हजार सहाशे मीटरवर, दोरोबाचा धाकटा भाऊ पडला. एका दोरावर दोघंच होते, तो आणि लीडर. बेस कँपवरून निरोप आला, 'दोर तुटला.' बस्स, एवढाच. दोर गेला होता गिर्यारोहण संस्थेच्या या तळघरातल्या स्टोअरमधून, आणि त्याच्या कार्डावर 'तपासला, ठीक' असं लिहून सही केली होती ती दोरोबाने. बावीस वर्षं दोर तपासून तपासून त्याचं खरं नाव लोक विसरले होते. आता त्याच लोकांनी जिन्यात त्याची नजर चुकवायला सुरुवात केली होती. आईने एकदाच विचारलं, "तू नीट बघितला होतास ना रे?" त्यानंतर ती त्याच्याशी बोलली नव्हती. उद्या अकराला चौकशी होती.

"कापला असेल मग," लीडर म्हणाला.

"असेल? उंदरांनी कापला का? त्या उंचीवर माणूस धड श्वास घेत नाही, आणि तुला उंदीर भेटले?"

"मी कापला. लिही कार्डावर आणि मोकळा हो."

या वाक्यासाठी दोरोबा एकोणीस दिवस झोपला नव्हता. ते इतकं स्वस्तात हाती आलं की त्याचा संताप आणखीच भडकला. त्याने कार्ड ओढलं, पेन उघडलं आणि थांबला. परत आलेला दोर आधी मोजायचा, मग शेरा लिहायचा. हा नियम त्याने स्वतःच केला होता, आणि भाऊ मेला म्हणून तो मोडणाऱ्यांतला तो नव्हता.

टेबलाच्या कडेला मीटर-मीटरवर पितळी खिळे ठोकलेले होते. त्याने दोर त्यांवरून ओढायला घेतला.

"मोजायचं कशाला?" लीडर पहिल्यांदाच आत आला. "कबूल केलं ना मी."

"तुझ्या कबुलीवर दोर नाही मोजत मी."

समोरच्या फळ्यांवर, भाऊ जिथे पडला त्या डोंगराचा सगळा इतिहास पडून होता. चढणारे त्याला म्हातारा म्हणत. पहिल्या मोहिमेचा तागाचा दोर, ओला झाला की काठीसारखा ताठणारा. ते लोक अर्ध्यातून परत आले, पाच गेले होते, तीनच आले. दुसऱ्या मोहिमेची ऑक्सिजनची नळकांडी. ती वर वाहून नेणाऱ्या हमालांची नावं कुठल्याच पुस्तकात नाहीत. तिसऱ्या मोहिमेत दोघं शिखरावर पोचले आणि एक खाली आला. त्या एकाचा फोटो ऑफिसात हार घालून लावलाय. लोक म्हणतात, म्हाताऱ्याला जिंकलं. जिंकणारे बर्फात आणि हरलेला जागच्या जागी, असली जिंकण्याची तऱ्हा दोरोबाने दुसरीकडे कुठे पाहिली नव्हती.

"तीस, एकतीस... दहा पावलांना दहा मिनिटं लागतात म्हणे वर. दोर कापायला किती लागली रे? बत्तीस. खाली बघितलंस का? का डोळे मिटून घेतलेस?"

"मोज गपचूप."

"चव्वेचाळीस... पेढे वाट आता, वाचलास म्हणून. सेहेचाळीस. सत्तेचाळीस. अठ्ठेचाळीस."

पुढे दोर नव्हता.

त्याने उलट्या बाजूने पुन्हा मोजला. तोंडातून शिवी निघाली नाही. पुन्हा अठ्ठेचाळीसच.

दोर पन्नासचा होता.

"तू कुठे होतास?"

"वर. खडकात ठोकलेल्या खिळ्यापाशी."

"तो?"

"खाली, कडा ओलांडून. हवेत लटकत होता."

"पूर्ण दोर सोडलेला?"

लीडरने मान डोलावली.

राहिलेल्या दोन मीटरांतला एक कमरेच्या गाठीत गेला असणार. दोरोबाने ते सपाट टोक उचललं आणि नकळत स्वतःच्या कमरेपासून मीटरभर वर धरून पाहिलं. डोक्याच्या थोडं वर आलं. हात उंचावला की पोचेल इतकंच.

"तुझा हात इथवर पोचला नसता," तो म्हणाला.

लीडर सामानाच्या एका पोत्यावर बसला. "चार तास ओढत होतो. बोटं गेली. मग खिळा हलायला लागला. मी वॉकीटॉकीवर त्याला सांगितलं, खिळा हलतोय." तो थांबला. "ते सांगायला नको होतं."

"मग तुटला का म्हणालास? सगळं माझ्यावर ढकललंस, हरामखोरा! घरात आई माझं तोंड बघत नाही!"

"तुझ्यावर येईल हे डोक्यातच आलं नाही. आईची शपथ. आमच्यात दोर तुटला म्हणजे डोंगराने तोडला, विषय संपला. त्याने शेवटी एकच सांगितलं, दादाला कळू देऊ नको."

"काय कळू देऊ नको?"

लीडरने बँडेजचा हात आपल्या छातीच्या खिशावर ठेवला.

दोरोबा ओरडणार होता. मग त्याला सुरी आठवली. धाकटा कधीच सुरी नेत नसे. तो टूथब्रशचा दांडासुद्धा अर्धा कापून नेई. "वर एकेक ग्रॅम बोंबलतो, दादा." निघायच्या सकाळी याच दारात दोरोबाने त्याच्या छातीच्या खिशात सुरी कोंबली होती, पडू नये म्हणून दोरीने बांधलीही होती. "गप ने. थोरल्याचं ऐकावं कधीतरी."

दोरोबा टेबलाशेजारच्या स्टुलावर बसला.

मग दोरोबा उठला. बुटांखालच्या खिळ्यांचा गंज काढायचा तारेचा ब्रश त्याने फळीवरून घेतला, दोराचं टोक टेबलावर दाबून धरलं आणि घासायला लागला. पांढरे धागे एकेक करून सुटले, वेडेवाकडे झाले.

"काय करतोयस?" लीडर उभा राहिला. "उद्या मी सांगतो ना, मी कापला म्हणून. नोकरी जाईल तुझी."

"तू तोंड उघडायचं नाहीस. उघडलंस तर उरलेली बोटं मी काढीन."

"आणि आई? ती तुझं तोंड कधीच बघणार नाही."

दोरोबाने कार्ड जवळ ओढलं. लांबीच्या रकान्यात अठ्ठेचाळीस लिहिलं. शेऱ्यात लिहिलं, 'दोर गाठीजवळ तुटला. देताना दोष लक्षात आला नाही.' खाली सही केली. बावीस वर्षं यायची तशीच वळणदार आली ती, एक रेघ हलली नाही, आणि याचा त्याला भयंकर राग आला.