घरात कुत्रा आहे का?

श्यामलानं पेनाचं टोपण काढलं आणि ती अठराव्या प्रश्नापाशी थांबली. ‘घरात कुत्रा आहे का?’ फॉर्म तिनंच तयार केला होता. माळरानावरच्या खोकडांकडून माणसांपर्यंत पोचणाऱ्या पट्टकृमींचा माग काढायचा, म्हणून प्रत्येक रुग्णाला हेच छत्तीस प्रश्न. पुण्यातल्या इस्पितळांत फिरून तिनं ते चाळीसेक माणसांना न अडखळता विचारले होते. ती माणसं अनोळखी होती. आज खाटेवर दत्तोबा होते.

सासवडपलीकडच्या माळावर खोकडांची बिळं तिला दत्तोबांनीच दाखवली होती. अकरा वर्षं ते तिच्यासाठी विष्ठेचे नमुने गोळा करत होते. पहिल्याच दिवशी त्यांनी वाळलेली विष्ठा बोटांनी फोडून आतलं बोराचं बी आणि उंदराचे केस दाखवले, तेव्हा ती हरखून गेली होती. हातमोजे तिनं नेले, पण दुसऱ्या वर्षी. मोज्यांत बोटांना काही कळत नाही म्हणून दत्तोबा ते काढून ठेवायचे. तिनं ते पाहिलं होतं आणि डोळेझाक केली होती, कारण नमुने चांगले मिळत होते. विष्ठेतल्या कृमींची अंडी हातांवाटे पोटात गेली की यकृतात गाठ धरते; आता त्यांच्या यकृतात नारळाएवढी गाठ होती. ऑपरेशन उद्या होतं. गाठ आतच फुटली तर माणूस हाती लागत नाही, हे तिनं एकदा जवळून पाहिलं होतं.

“घरात कुत्रा?” तिनं विचारलं.

“हुता. डाक्टर म्हनले, ह्ये कुत्र्यापासनं हुतं. घरात नातू रांगतोय. माझा धाकला भाऊ, हिंमतराव, कुत्र्याला वढ्याकडं घिऊन गेला. येकलाच म्हागारी आला.”

श्यामलाला गलबलून आलं. त्या कुत्र्याचा नमुना तिनं मागच्याच महिन्यात तपासला होता.

“दत्तोबा, कुत्र्यात काही नव्हतं. तो साफ होता.”

“ठावं हाय. तुमी दिल्याली जंताची गोळी मीच त्याला भाकरीत घालून द्यायचो. येकबी चुकली न्हाई.”

“मग तुम्ही गप्प का बसलात?”

दत्तोबांनी दाराकडे बघून घेतलं. बायको, दुर्गाबाई, चहा आणायला खाली गेली होती.

“खोकडाचं नाव निघालं असतं, तर गावानं त्याच दिशी बिळाबिळांत धूर केला असता. आत पिल्लं हायती, ताई. कुत्रं काय, येकच हुतं.”

“मी तेव्हाच हातमोजे...”

“ऱ्हाऊ द्या.”

तेवढ्यात दुर्गाबाई थर्मास घेऊन आल्या. त्यांनी श्यामलाच्या हातातला फॉर्म पाहिला.

“ताई, तुमी शिकल्याल्या. खरं सांगा, त्या मेल्या कुत्र्यानंच घात केला न्हवं?”

दत्तोबा श्यामलाकडे एकटक बघत होते.

“हो,” ती म्हणाली. “कुत्र्यामुळेच.”

“बरं झालं, गेलं त्ये.”

दत्तोबांनी चादर ओढून घेतली आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. त्यांचे खांदे गदगदत होते. दुर्गाबाई खाटेच्या कडेला टेकल्या आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवू लागल्या.

“भिऊ नगा,” त्या म्हणाल्या. “उद्या समदं नीट हुईल.”