अभ्यासाचा खर्च

“पॅनेलचे पैसे सगळेच हिशेबात धरतात गं. वीज कंपनीच्या अभ्यासाचा खर्च कुणी धरत नाही. तो कुणी द्यायचा, ते आत्ताच लिहून घे,” यशोधरा म्हणाली होती. रेणुकाची ही चुलतबहीण तळेगावात सोलर बसवणाऱ्यांच्या ऑफिसात कामाला. साखरपुड्यातसुद्धा तिला कामाचंच सुचावं!

“यशू, मी लग्न करतेय, टेंडर भरत नाहीये,” म्हणत रेणुकाने ते हसण्यावारी नेलं.

तेव्हा ते हसण्यासारखंच होतं. मुलाचे वडील, मळवलीचे भिमाजी, पर्यटकांसाठी बारा खोल्यांचं फार्महाऊस चालवत. हुंडा न घेणारा माणूस म्हणून त्यांचं नाव. बैठकीत ते चारचौघांदेखत म्हणाले, “आमी हुंडा घेत न्हाई. पोरीच्या नावानं छपरावर सोलर बसवून द्या. उरंल ती वीज कंपनीला देऊ. जे काय ते तिचंच!” पाहुण्यांनी माना डोलावल्या. खंडाळ्याला रेल्वेत असलेल्या सखारामांनी, रेणुकाच्या वडिलांनी, फंडातून पैसे काढले आणि लग्नाआधी पॅनेल चढले.

वीज कंपनीकडे जोडणीचा अर्ज मात्र लग्नानंतर गेला. उत्तर आलं : आधी तांत्रिक अभ्यास होईल, त्याचं शुल्क भरा. छपरावरची वीज उलटी लाईनवर आली तर गावच्या ट्रान्सफॉर्मरला ती झेपेल का, हे तपासायचं होतं.

“अब्यास? कंपनी काय शाळंत चाललीय व्हय?” भिमाजी खो खो हसले. हसणं थांबल्यावर सुनेकडे वळून म्हणाले, “तुमच्या बाबांस्नी कळवा.”

बाबांनी भरलं.

आता लग्नाला दोन वर्षं झाली होती. अभ्यासाचा निकाल आठ दिवसांपूर्वी आला. ट्रान्सफॉर्मरवर आधीच आजूबाजूच्या बंगल्यांचा भार होता. त्याला ही वीज झेपणार नव्हती. आणखी सखोल अभ्यास हवा, त्याचं शुल्क वेगळं, आणि त्यातून नवा ट्रान्सफॉर्मर लागेल असं निघालं तर तोही अर्जदाराच्याच खर्चाने. नियमाचंच होतं सगळं. पहिल्या दिवशी ज्याने खर्चाचा अंदाज केला, त्याने हे धरायला हवं होतं. पण अंदाज केला कुणी होता? सासरी मोजलं होतं ते फक्त माहेर.

त्या दिवसापासून घरात रेणुकाशी बोलणं बंद झालं. म्हणजे शब्द यायचे, पण नऊ महिन्यांच्या तेजलमार्फत.

“तेजल, तुज्या आईला म्हणावं, आठ नंबरच्या पाव्हण्यांचा चहा राह्यलाय,” सासू म्हणायच्या.

“तेजल, तुजी आई बीएस्सी हाय ना गं? मग अब्यासात नापास कशी झाली?” हे सासऱ्यांचं.

रेणुका सगळं ऐकायची आणि मुलीला आणखी घट्ट धरायची. ही उद्या बोलायला लागेल, तेव्हा पहिलं वाक्य कुणाचं बोलेल, याची तिला धास्ती वाटायची. नवरा, प्रदीप, मोबाइलमधून मान वर काढत नसे. शनिवार-रविवारी बाराही खोल्या माणसांनी भरत, आणि एवढ्या गर्दीत तिला नावाने हाक मारणारं कुणी नसे.

गुरुवारी सकाळी ती तेजलला नाचणीची पेज भरवत होती. सासू, भागुबाई, समोर येऊन बसल्या.

“तेजल, आईला सांग, आजोबाला फोन लाव. आन् स्पीकरवर ठेव.”

“बोल बेटा,” पलीकडून सखाराम म्हणाले. “सगळं बरं ना? काल जावईबापूंनी या नव्या खर्चाचं सांगितलं मला. वलवणच्या खोलीचा सौदा थांबवतो मी. क्वार्टर सोडायला अजून महिना आहे, भाड्याने बघू कुठंतरी. तू घोर लावून घेऊ नकोस.”

सदतीस वर्षं रेल्वेच्या घरात राहून निवृत्त झालेल्या माणसाची ती पहिली स्वतःची खोली होणार होती. रेणुकाने चमचा खाली ठेवला.

“बाबा, खोली घ्या. इथे आता एक रुपयासुद्धा द्यायचा नाही.”

“काय बोललीस?” भिमाजी दारातून ओरडले. आठ दिवसांत त्या घरात कुणी पहिल्यांदाच तिच्याशी थेट बोललं होतं.

“मामंजी, तुम्ही म्हणाला होतात, जे काय ते तिचंच.” तिने फडताळातून कंपनीचं पत्र काढलं. “इथे अर्जदार म्हणून तुमचं नाव आहे. मीटर तुमचा, छप्पर तुमचं, विजेचे पैसे जमा होणार ते खातंही तुमचंच. मग अभ्यास तेवढा माझ्या बाबांचा कसा? याला सोलर नाही म्हणत. याला हुंडा म्हणतात.”

“रेणू, कशाला वाढवतेस?” प्रदीप पुटपुटला.

“मी वाढवत नाही. थांबवतेय.”

फोन चालूच होता. पलीकडे सखाराम सगळं ऐकत होते.

त्या दिवशी तेजलशीसुद्धा कुणी बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी सखाराम स्वतः गाडीने आले. रेणुका मुलीला घेऊन त्यांना भेटायला मळवली स्टेशनवर गेली. दोघं बाकावर बसली.

“दर रविवारी फोन करत होतो मी,” ते म्हणाले. “एकदा तरी सांगायचंस.”

“दर रविवारी फोन स्पीकरवर असायचा, बाबा.”

सखारामांनी तोंड फिरवलं. मग त्यांनी नातीला आपल्याकडे घेतलं. रेणुका म्हणाली, “हुंड्याच्या तक्रारीचा अर्ज मीच लिहिणार आहे. तुम्ही फक्त सोबत चला.”

वाचकहो, तुमच्याही ओळखीत अशी एखादी असेल : बहीण, पुतणी, कॉलेजातली मैत्रीण. तिच्या सासरचे हुंडा घेत नाहीत, असं तुम्हीच चार ठिकाणी कौतुकाने सांगितलं असेल. फोनवर ती ‘सगळं बरं’ म्हणते, आणि तुम्ही निर्धास्त होता. या आठवड्यात तिला फोन करू नका. तिच्या घरी जा. तिला घराबाहेर, चार पावलं लांब न्या, आणि मग विचारा.