त्रेचाळीस इंच

“ह्याच्याहून मोठा हाय का?” यांनी चौथ्यांदा विचारलं आणि माझं डोकं फिरलं.

हिंगोलीत शिवशंकरच्या कॉम्प्युटरच्या दुकानात आम्ही सकाळपासून बसलो होतो. चोवीस इंची मॉनिटर झाला, सत्तावीस झाला, बत्तीस झाला. एकाचा उजेड मंद, दुसऱ्याची अक्षरं फिकी, तिसरा म्हणे धुरकट. माल नवा कोरा, पण सोयरीक बघायला आलेल्या आत्यासारखी यांनी प्रत्येकात खोड काढली. आता समोर त्रेचाळीस इंची होता. घरातला टीव्हीसुद्धा त्याच्यापेक्षा लहान.

“अहो, आपला टेबल चार फुटी. त्याच्यावर माझी लॅमिनेशनची मशीन. ह्यो ठेवला तं मी काय दारात बसू?”

“मशीन खाली ठेव.”

“अन् मी वाकून वाकून मरू?”

“तू गप बस जरा, मोहिनी.”

कनेरगाव नाक्यावर आमचं लग्नपत्रिकांचं दुकान आहे. अठरा वर्षं झाली, हे कॉम्प्युटरवर पत्रिका जुळवतात आणि मी झेरॉक्स, लॅमिनेशन बघते. पंधरा गावांची भावकी यांना तोंडपाठ. कुणाचं नाव वर, कुणाचं खाली, कुणाचं कुणाशी वाकडं, सगळं. म्हणून तर लोक वाशिम सोडून आमच्याकडे येतात. पण या हंगामात एका पत्रिकेतून नवरदेवाच्या मामाचंच नाव राहिलं. मामा लग्नाला आला नाही, आणि वरबाप दुकानात येऊन नाही नाही ते बोलून गेला. आणखी एक अशी चूक झाली तर दुकानाला कुलूपच लावावं लागेल. तेव्हापासून यांचं एकच पालुपद, मॉनिटर जुना झालाय, मोठा पाहिजे.

“भागवतभाऊ, असं करा,” शिवशंकरही कंटाळला होता. “तुमचंच काम लावून बघू. पेन ड्राइव्ह आणला ना?”

त्यानं पेन ड्राइव्ह लावला आणि हाताला लागलेली पहिलीच पत्रिका उघडली. बोटाएवढी अक्षरं उमटली. यांनी खुर्ची मागे घेतली, मान जरा तिरपी केली आणि हे खणखणीत आवाजात वाचायला लागले.

“श्री गणेश प्रसन्न. आमचे येथे श्रीकृपेकरून चिरंजीव हनुमान यांचा शुभविवाह...”

स्क्रीनवर गावातल्या वारलेल्या पारुबाईंचा हार घातलेला फोटो होता. खाली तेरवीची तारीख. गेल्या वर्षी यांनीच केलेली पत्रिका.

शिवशंकरनं माझ्याकडे बघितलं. मी त्याच्याकडे बघू शकले नाही. सकाळपासूनचा राग कुठे गेला कळेना. हे वाचतच होते. मुहूर्त, स्थळ, आहेर स्वीकारला जाणार नाही, कुठेही न अडखळता.

“बराबर हाय,” मी म्हणाले. पण अठरा वर्षांत माझा आवाज त्यांना चांगला कळायला लागला होता.

“काय हाय त्याच्यावर?” त्यांनी हळू विचारलं.

“पारुबाईची तेरवी.”

शिवशंकर चहा सांगायला म्हणून बाहेर गेला.

“दिवाळीत कागद आणाया वाशिमला गेलतो, तवा डॉक्टरला दाखवलं,” हे म्हणाले. “साखरेनं डोळ्याचा आतला पडदा खराब झाला म्हणला. आता चष्म्यानं भागत न्हाई. मला वाटलं, मोठा घेतला तं दिसंल.”

“मला काहून न्हाई सांगितलं?”

“रडली असती.”

“मी काय रडकी बाई हाय का?” मी चिडून म्हणाले आणि तिथेच रडले. मग डोळे पुसले आणि आणखीच चिडले, कारण पुसल्यावर मला सगळं स्वच्छ दिसत होतं.

शिवशंकर चहा घेऊन आला तेव्हा हे उठून उभे होते.

“तो पहिला लाव रे. चोवीसवाला.”

त्यानं लावला. यांनी खुर्ची माझ्याकडे सरकवली.

“बस.”

“मला कुठं येतं पत्रिका जुळवाया?”

“मी सांगंन. बस तू.”

मी बसले. माउसवर हात ठेवला.

“दिसून राहिलं नीट?”

“व्हय.”

“मंग हाच बांध, शिवशंकर,” हे म्हणाले, आणि गिऱ्हाइकं उभी राहतात तसे माझ्या मागे खुर्चीला धरून उभे राहिले.