चौतीस इंच

टाकीवाल्याने बाहेरून काचेला टेप लावली, माशाच्या तोंडापासून शेपटीपर्यंत सरळ धरली आणि म्हणाला, "एकोणतीस. सुटलात बाई. तिसाच्या आत आहे."

बाई मटकन खुर्चीत बसल्या. "म्हणजे जावईबापू राहतात?"

"राहतात."

गेले पंधरा दिवस बाईंच्या तोंडचं पाणी पळालं होतं. नवा नियम आला होता. दुसरे मासे खाणारा परदेशी मासा घरात असेल तर त्याची नोंद करा. तीस इंचांहून लांब असेल तर मत्स्यखात्याच्या ताब्यात द्या. आणि नदीत किंवा तळ्यात सोडाल तर थेट खटला, कारण असा एक मासा बाकी सगळ्यांचा फडशा पाडतो. लांबी परवाना असलेल्या टाकीवाल्याने मोजून सही करायची. मुदत उद्या संपत होती.

जावई हे नाव बाईंच्या नवऱ्याने ठेवलेलं. दोघांना मूलबाळ नव्हतं. "मुलगी नसली म्हणून काय झालं, जावई तर आहे," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. "खातो, रुसतो, कामाला हात लावत नाही आणि घरातली सगळ्यात चांगली जागा अडवून बसतो. आणखी काय करतात जावई?" ते जाऊन दीड वर्ष झालं. शाळेतून निवृत्त झालेल्या बाईंना आता घरात बोलायला हा एकच उरला होता. मधूनमधून तो वर येऊन गपकन हवा गिळायचा. तेवढ्या आवाजाला स्वयंपाकघरातून बाई म्हणायच्या, "हं, बोला."

टाकीवाल्याने फॉर्म गुडघ्यावर घेतला, पेनाचं टोपण काढलं. हात काही पुढे जाईना.

मासा काचेजवळ तरंगत होता. मगरीसारखं लांब तोंड, त्यामागे वीतभर सरळ अंग आणि तिथून पुढे पाठीचा कणा डावीकडे वळलेला. शेपटी भलत्याच दिशेला.

"वय झालं हो त्याचंही," बाई म्हणाल्या. टाकीवाला कुठे बघतोय ते त्यांना कळलं होतं. "हे वाकायला लागले आणि त्याच सुमाराला हाही. मी म्हणायचे, सासरे-जावई अगदी जोडीने म्हातारे होताहेत."

आता इथे शहाण्या माणसाने मान डोलवायची आणि सही ठोकून चालू पडायचं. गिऱ्हाईक खूश, मासा जागेवर, झालं. पण टाकीवाल्याला कुठून अवदसा आठवली कोण जाणे.

"वयाने नाही वाकला, बाई."

"मग?"

"हे पन्नास पन्नास वर्षं जगतात. हा बारा वर्षांचा, म्हणजे पोरच म्हणायचं. टाकी चार फूट लांब, पण दीडच फूट रुंद. सरळ वळायला जागा नाही, मग अंग दुमडून वळत राहिला आणि हाडाने तेच वळण धरलं. टेप पाठीवरून फिरवली तर चौतीस तरी भरेल."

बाई खुर्चीतून उठून काचेजवळ आल्या.

"दिला तेव्हा बोटाएवढा होता. काकांनी दोनदा विचारलं मला, हा वाढेल किती. मी म्हटलं, मासा टाकीएवढाच वाढतो, बिनधास्त न्या. माझ्या उस्तादाने मला तसंच सांगितलं होतं. मीही सगळ्यांना तेच सांगत आलो." त्याने पेनाला टोपण लावलं, परत काढलं. दर महिन्याला तो ही टाकी धुवायला येत होता आणि ती पाठ वाकताना बघत होता. त्याला मनापासून लाज वाटली.

"दुखत असेल का हो त्याला?"

"माहीत नाही, बाई."

"मोठी टाकी बांधून द्या ना मग."

"ह्याला बारा फुटी लागते. तेवढी पाण्याने भरली तर हा तिसरा मजला खालच्यांच्या डोक्यावर जाऊन बसेल."

"आणि खात्याकडे?"

"चाळीस फुटी हौद आहे. आज जागा आहे तिथे. उद्यानंतर धाडी पडतील, गर्दी होईल. मग जागा नसली की औषध घालून झोपवतात."

बाईंनी छत्तीस वर्षं वह्या तपासल्या होत्या. पोर कितीही लाडकं असलं तरी चुकलेल्या उत्तराला त्यांनी कधी अर्धा गुण दिला नव्हता. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. डोळे पुसायचे मात्र राहून गेले.

"टेप पाठीवरून धरा," त्या म्हणाल्या.

"मी एकोणतीस लिहिलं तर कुणी परत मोजायला येत नाही, बाई."

"ठाऊक आहे मला. पाठीवरून धरा."

त्याने झाकण काढलं, हात पाण्यात घातला. चौतीस भरले.

दुसऱ्या दिवशी खात्याची दोन माणसं टब घेऊन आली. माशाला गुंडाळायला ओली चादर हवी होती. बाईंनी कपाटातून नवऱ्याच्या पलंगावरची काढून दिली. माणसं जिना उतरायला लागली तेव्हा त्या दारातून म्हणाल्या, "त्याला उजवीकडे वळायला वेळ लागतो. घाई करू नका."

हौदात सोडताना टाकीवाला हजर होता. मासा आधी तळाशी गेला, मग हळूहळू पुढे निघाला. चारेक फूट गेला, थांबला, अंग दुमडून वळला. परत चार फूट, परत वळला. पुढे सगळं मोकळं पाणी होतं. टाकीवाला तासभर तिथे उभा राहिला. मासा काही पाचव्या फुटावर गेला नाही.

आठवड्याने तो टाकी उतरवायला बाईंकडे आला. पाइप लावून पाणी बादलीत सोडलं. बाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"बघितलंत का त्याला?"

"कालच जाऊन आलो."

"फिरतो का मोकळा?"

"फिरतो की. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत."

बाई त्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या. वर्गात खोटं बोलणारी पोरं त्यांनी कमी पाहिली नव्हती. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "बरं झालं." मग म्हणाल्या, "फ्रीजमध्ये त्याचं खाणं उरलंय. जाताना देऊन या," आणि आत गेल्या.

पाणी तळाला आलं. शेवटचा घोट ओढताना पाइपने गपकन आवाज केला.

"हं, बोला," स्वयंपाकघरातून बाई म्हणाल्या.

टाकीवाला पाइप धरून तसाच उभा राहिला. आतून फ्रीजचं दार लावल्याचा आवाज बराच वेळ आला नाही.